बॅकअप आहे हो, पण चढत नाहीये!

मागच्या वेळी घरच्या फोटोंच्या बॅकअपवर लिहिलं होतं, आणि यावेळी पत्रं आली ती जवळजवळ सगळी ऑफिसच्या फायरवॉलच्या (इंटरनेट आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी बॉक्स) बॅकअपची, तीही बहुतेक भोसरी, हिंजवडी, पेठांमधली. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. बरोबरच आहे, आपल्याकडे कुठली फायरवॉल आहे आणि ती कुठे अडकलीये हे मासिकात नावासकट छापून येणं काही शहाणपणाचं नाही.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. फायरवॉल फोर्टिगेट ६०ई होती, कोणीतरी तिचा प्लग वेल्डिंगच्याच लाइनवर लावून ठेवलेला. गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी सकाळी मेन चालू केला आणि बॉक्स गेला तो गेलाच. डीलरने ६०एफ आणून दिलाय. कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) फाईल माझ्याकडे आहे पण रिस्टोअरला टाकली की घेतच नाही, इनव्हॅलिड म्हणतो. चाकणच्या गोडाऊनची माणसं व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) टॅली वापरतात, ती सगळी खोळंबलीत. फाईल खराब झाली असेल का?

उत्तर : फाईल खराब नाहीये, मॉडेल वेगळंय. ती फाईल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा (वर्डमध्ये एडिट करू नका, ते सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतं आणि मग अजून एक नवीन भानगड). पहिली ओळ बघा, कॉन्फिग-व्हर्जन अशी सुरू होते आणि पुढे मॉडेलचा कोड, फर्मवेअरचा (बॉक्सच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) नंबर, बिल्ड नंबर असं सगळं लिहिलेलं असतं. बॉक्स आधी हीच ओळ वाचतो, एफजीटी६०ई दिसलं की ६०एफ म्हणतो हे माझं नाही, आणि पुढचं वाचायच्या फंदातच पडत नाही.

आता काय करायचं. आधी नवीन ६०एफचा, जसा आहे तसा, कोरा बॅकअप घ्या. त्याची पहिली ओळ कॉपी करून जुन्या फाईलच्या एका कॉपीमध्ये पहिल्या ओळीच्या जागी टाका. मूळ फाईलला हात लावायचा नाही, ती वेगळ्या फोल्डरमध्ये. पण एवढ्यावर भागत नाही कारण पोर्टांची नावं सारखी नाहीत. ६०ईला इंटर्नल१ ते इंटर्नल७ असे सात पोर्ट होते, ६०एफला इंटर्नल१ ते ५ आहेत आणि उरलेल्या दोघांना ए आणि बी नाव देऊन ते फोर्टिलिंकमध्ये (त्याच कंपनीचे स्विच जोडायची सोय) घातलेत. म्हणजे तुमच्या फाईलमध्ये जिथे जिथे इंटर्नल६ आणि इंटर्नल७ आलंय ते सगळं नवीन बॉक्सला अनोळखी आहे. सर्च मारा, व्हर्च्युअल-स्विचच्या भागात ते दोन मेंबर दिसतील, तिथून काढून टाका, आणि त्यातल्या एखाद्यावर तुम्ही वेगळं काही चालवत असाल (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर असा वेगळ्या पोर्टावर हमखास असतो) तर त्याला दुसरा पोर्ट द्या आणि पॉलिसीतही (कोणाला कुठे जाऊ द्यायचं त्या नियमांत) तेच नाव बदला.

फर्मवेअरचं बघा. शक्य असेल तर नवीन बॉक्सवर आधी फाईलमध्ये लिहिलंय तेच व्हर्जन टाकायचं, कॉन्फिग चढवायची, आणि मग अपग्रेड. नवीन मॉडेलला तितकं जुनं व्हर्जन चालत नसेल तर त्यातल्या त्यात जवळचं. आणि डीलरने उत्साहाच्या भरात ७.६ टाकून दिलं असेल तर थांबा, कारण ७.६ मध्ये २ जीबी रॅमच्या मॉडेलवरून एसएसएल व्हीपीएन काढूनच टाकलंय आणि ६०एफ त्याच यादीत येतो. तुमची चाकणची मंडळी फोर्टिक्लायंटमधून एसएसएल व्हीपीएनने येत असतील तर फाईल कितीही नीट चढवा, त्या सेटिंगला बसायला जागाच नाही. आज काम सुरू व्हायला ७.४ वर राहा, पण नंतर सवडीने आयपीसेकवर (व्हीपीएनचाच दुसरा प्रकार) जा, ते टाळून चालणार नाही.

रिस्टोअर केलं की बॉक्स रीबूट होतो, परत आला, लॉगिन झालं, सगळं हिरवं दिसलं, म्हणजे झालं असं समजू नका. ज्या ओळी त्याला कळल्या नाहीत त्या तो गपचूप सोडून देतो. कमांड लाइनवर जाऊन ‘डायग्नोज डीबग कॉन्फिग-एरर-लॉग रीड’ द्या, न चढलेल्या ओळींची यादी तिथे मिळते. माझ्या मते सगळ्या प्रकरणात ही एक कमांड सगळ्यात उपयोगाची आहे आणि डीलरची पोरं नेमकी हीच देत नाहीत.

हे सगळं जमत नसेल तर फोर्टिकन्व्हर्टर म्हणून फोर्टिगेटवाल्यांचीच सर्व्हिस आहे, पैसे पडतात. किंवा फाईल तुकड्यातुकड्याने कमांड लाइनवर पेस्ट करायची, आधी इंटरफेस, मग अ‍ॅड्रेस, मग सर्व्हिस, मग व्हीपीएन, आणि पॉलिसी सगळ्यात शेवटी, कारण पॉलिसीमध्ये वरच्या सगळ्यांची नावं येतात आणि नाव आधी नसलं की ती पॉलिसी घेत नाही.

फाईलमध्ये जे येतच नाही तेही बघून ठेवा. लायसन्स सीरियल नंबरवर असतं, ते फाईलबरोबर येत नाही, डीलरकडून ट्रान्सफर करून घ्या. मोबाइलवरचे फोर्टिटोकन (लॉगिनचा ओटीपी देणारे) वापरत असाल तर तेही तसंच. जुन्या बॉक्सवर प्रायव्हेट-डेटा-एन्क्रिप्शन चालू केलेलं असेल तर त्याची की (गुप्त किल्ली) नवीन बॉक्सवर आधी घालावी लागते, नाहीतर फाईलमधले पासवर्ड त्याला वाचता येणार नाहीत. आणि इंटरनेटवाल्याने स्टॅटिक आयपी जुन्या बॉक्सच्या मॅक अ‍ॅड्रेसला (पोर्टाचा कारखान्यातून आलेला ओळखनंबर) बांधून ठेवला असेल, लोकल केबलवाले हे सर्रास करतात, तर सगळं बरोबर असूनही नेट येणार नाही आणि तुम्ही दिवसभर कॉन्फिगमध्ये चूक शोधत बसाल. एक फोन करा आणि नवीन मॅक सांगा.

बाकी तो प्लग आधी यूपीएसवर घ्या.

प्रश्न : सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवतो, एमपीएससीची मुलं असतात. वाय-फायला मायक्रोटिक आहे. समोरच्याच वाड्यात दुसरी शाखा काढली म्हणून सेम राउटर घेतला, पहिल्याचा बॅकअप काढून दुसऱ्यावर टाकला, छान चढला. पण दोन्ही जागा एका केबलने जोडल्यापासून नेट कधी इथे चालतं कधी तिथे. राउटर बदलून मागू का?

उत्तर : नका मागू. दोन्ही राउटर आता एकच मॅक अ‍ॅड्रेस सांगतायत. मायक्रोटिकमध्ये दोन प्रकारे कॉन्फिग निघते, एक ‘बॅकअप सेव्ह’, ती बायनरी फाईल असते आणि त्यात मॅक अ‍ॅड्रेससकट सगळं येतं, ती त्याच राउटरवर परत टाकण्यासाठी असते. दुसरी ‘एक्सपोर्ट’, ती साधी टेक्स्ट फाईल, दुसऱ्या राउटरवर न्यायची असेल तर ही. तुमच्या दुसऱ्या राउटरवर इथरनेटमध्ये जाऊन रीसेट-मॅक-अ‍ॅड्रेस करा, प्रत्येक पोर्टाला, ब्रिजचा (पोर्ट आतून एकत्र जोडणाऱ्या भागाचा) मॅक हाताने दिलेला असेल तर तोही बदला, आणि अर्थातच आयपी आणि डीएचसीपीची (आपोआप आयपी वाटायची) रेंज वेगळी करा.

एक्सपोर्टची गंमत अशी की राउटरओएस (मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) ७ पासून त्यात पासवर्ड येत नाहीत, मुद्दाम शो-सेन्सिटिव्ह लिहिलं तरच येतात. व्हर्जन ६ ला बरोबर उलटं होतं, तिथे लपवा म्हणून सांगावं लागायचं. त्यामुळे जुन्या सवयीने नुसतं एक्सपोर्ट मारलं तर फाईल दिसायला पूर्ण दिसते आणि पीपीपीओईचा (इंटरनेटवाल्याकडच्या लॉगिनचा), वाय-फायचा, हॉटस्पॉटच्या मुलांचा, एकही पासवर्ड तिच्यात नसतो. राउटरमध्ये लॉगिन करायचे यूजर आणि सर्टिफिकेटं तर एक्सपोर्टमध्ये कधीच येत नाहीत. यूजर मॅनेजर वापरत असाल तर त्याचा डेटाबेस वेगळा सेव्ह करायचा. दोन्ही फाईली काढून ठेवा, जागा कितीशी लागते.

प्रश्न : डेक्कनला एका सीए फर्ममध्ये अ‍ॅडमिन बघते. आमची सोफॉसची फायरवॉल दर रविवारी बॅकअप ईमेल करते आणि तो सरांच्या इनबॉक्समध्ये पडून असतो. नवीन आयटीवाला म्हणतो हे धोक्याचं आहे, क्लाऊडवर ठेवा. जुना म्हणायचा क्लाऊड धोक्याचा, पेनड्राइव्हवर ठेवा. कोणाचं ऐकू?

उत्तर : मॅडम, दोघंही जागेवरून भांडतायत. आधी फाईलमध्ये काय असतं ते बघू. कुठल्या सर्व्हरला बाहेरून कुठला पोर्ट उघडा आहे, आतले आयपी कुठले, व्हीपीएनची की, यूजरची नावं, एडीला (ऑफिसच्या सगळ्या लॉगिनचा हिशोब ठेवणाऱ्या सर्व्हरला) जोडणाऱ्या अकाउंटचा पासवर्ड, सर्टिफिकेटची प्रायव्हेट की. तुमच्या ऑफिसचा पूर्ण नकाशा किल्ल्यांसकट. आणि ते सगळं किती झाकलेलं आहे हे कंपनीकंपनीवर आहे. पीसीवर चालणाऱ्या पीएफसेन्स फायरवॉलची कॉन्फिग डॉट एक्सएमएल एन्क्रिप्ट न करता काढली तर व्हीपीएनच्या की उघड्या वाचता येतात, सिस्कोचे टाइप ७ पासवर्ड दिसतात गूढ पण सेकंदात उलगडतात.

हे नुसतं भीती घालायला म्हणत नाहीये. जानेवारी २०२५ मध्ये बेल्सन ग्रुप नावाच्या टोळीने १५,००० च्या वर फोर्टिगेटच्या कॉन्फिग फाईली फुकट वाटून टाकल्या. त्या चोरल्या होत्या २०२२ मध्ये, तेव्हाच्या एका भोकातून. म्हणजे ज्यांनी २०२२ मध्येच पॅच मारला पण पासवर्ड तेच ठेवले त्यांचे पासवर्ड इतक्या वर्षांनी बाजारात आले. आणि क्लाऊडचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये सोनिकवॉल या फायरवॉल कंपनीने सांगितलं की त्यांच्या क्लाऊड बॅकअपमध्ये कोणीतरी शिरलं, आधी म्हणाले ५ टक्क्यांपेक्षा कमी ग्राहक, ऑक्टोबरमध्ये म्हणाले ज्यांनी ज्यांनी तो क्लाऊड बॅकअप वापरला त्या सगळ्यांच्याच फाईली. त्यातले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, तरी नकाशा गेलाच की.

म्हणून जागेपेक्षा एन्क्रिप्शनचा पासवर्ड महत्त्वाचा. सोफॉसमध्ये बॅकअपला तो द्यावाच लागतो, आता तो ‘कंपनीचं नाव अ‍ॅट १२३’ असेल तर नसल्यासारखाच. तो बदला, लांब ठेवा. मग ईमेलने गेली तरी हरकत नाही, पण पासवर्ड त्याच ईमेलवर नको, आणि एक कॉपी ऑफिसच्या बाहेर कुठेतरी असू द्या कारण ऑफिसला आग लागली किंवा पाणी शिरलं तर पेनड्राइव्ह पण तिथेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र कधीच नाही, ‘आयटी सपोर्ट’ ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला मुलगा अजून मेंबर असतो.

सोफॉसमध्ये अजून एक आहे, सिक्युअर स्टोरेज मास्टर की. अ‍ॅडमिनने एकदा कधीतरी सेट केलेली असते आणि विसरलेला असतो. ती सेट असताना काढलेला बॅकअप दुसऱ्या बॉक्सवर चढवताना ती मागतो, आणि ती कंपनीकडूनही परत मिळत नाही. पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलमध्ये मास्टर की बदलली असेल तर तिथेही तेच. तुमच्या जुन्या आयटीवाल्याला आजच फोन करा, तो अजून फोन उचलतोय तोवर. मिळालेली की आणि बॅकअपचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, सरांच्या तिजोरीत. कागदाला हसू नका, कागद हॅक होत नाही.

आणि तो सोडून गेला ना, मग व्हीपीएनच्या की बदलल्यात का? जुन्या फाईली त्याच्याकडे असणारच.

प्रश्न : हिंजवडीत नेटवर्कला आहे, नवीनच. सिस्को एएसए फायरवॉलवर काल रात्री काही रूल चुकीचे पडले म्हणून टीएफटीपीवरून (फाईल पाठवायची साधी पद्धत) जुनी चांगली कॉन्फिग रनिंगमध्ये कॉपी केली. कॉपी सक्सेसफुल आलं, पण चुकीचे रूल तसेच. सीनियरला विचारलं तर म्हणाले असं होऊच शकत नाही.

उत्तर : होतं, आणि नेहमीच होतं. रनिंग-कॉन्फिगमध्ये (आत्ता चालू असलेल्या सेटिंगमध्ये) फाईल कॉपी केली की ती जुन्याच्या जागी बसत नाही, जुन्यात मिसळते. फाईलमध्ये जे आहे ते येतं, फाईलमध्ये जे नाही ते जात नाही. तुमचे चुकीचे रूल जुन्या फाईलमध्ये नव्हतेच, मग त्यांना काढणार कोण? एएसएवर सोपा रस्ता म्हणजे चांगली फाईल स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये (बॉक्स सुरू होताना वाचतो ती) कॉपी करायची आणि रीलोड. रीलोड म्हणताना तो विचारेल कॉन्फिग बदलली आहे, सेव्ह करू का, तिथे ‘नो’. बोटाच्या सवयीने यस दाबलं की चांगल्या फाईलवर घाणेरडी सेव्ह झाली, परत पहिल्यापासून. सिस्कोच्याच आयओएसच्या (आयफोनचं नव्हे) राउटर स्विचवर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ आहे, ते खरोखरच फरक काढून बदलतं, रीबूटही लागत नाही, पण एएसएवर ते नाही.

अजून एक, तुमच्याकडची ती ‘चांगली’ फाईल शो-रन कमांड देऊन पुट्टीच्या स्क्रीनवरून कॉपी केलेली तर नाही ना? तसं असेल तर प्री-शेअर्ड-कीच्या (व्हीपीएन टनेलच्या दोन्ही टोकांना सारखीच द्यायची की) जागी नुसत्या चांदण्या असतील, आणि ती फाईल चढवली की टनेलची की खरोखर चांदण्याच होते. खरी की ‘मोअर सिस्टम रनिंग-कॉन्फिग’ ने दिसते, किंवा सरळ टीएफटीपीवर कॉपी केली की फाईलमध्ये येते. आणि टीएफटीपीला पासवर्ड वगैरे काही प्रकार नसतो, सगळं वायरवर उघडं जातं, तेव्हा एससीपी (एन्क्रिप्ट करून फाईल पाठवणारं) वापरा, निदान तो टीएफटीपीचा सर्व्हर काम झालं की बंद तरी करा.

लांबून काम करत असाल तर आयओएसवर बदल करायच्या आधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवायचं, स्वतःलाच बाहेर कोंडलंत तर दहा मिनिटांत तो आपणहून जुन्या कॉन्फिगवर येतो, नीट झालं तर रीलोड कॅन्सल आणि मग सेव्ह. ज्युनिपरवाल्यांचं हे सुख अंगचंच आहे, कमिट कन्फर्म्ड दिलं की दहा मिनिटांत परत कमिट केलं नाही तर तो स्वतःच मागे फिरतो. रात्री अकराला बाणेरहून हिंजवडीला कन्सोल केबल घेऊन जायला कोणालाच आवडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दोन फायरवॉल एचएमध्ये (एक बंद पडली की दुसरी आपोआप काम घेते अशी जोडी) आहेत. एक गेली तर दुसरी आहेच, बॅकअपची गरज काय, असं साहेबांचं म्हणणं आहे.

उत्तर : साहेबांना विचारा, पहिलीवर चुकून एखादी पॉलिसी डिलीट केली तर दुसरीवर ती किती वेळ राहते. दोन-चार सेकंद. एचए बॉक्स जळाला तर त्यासाठी आहे, माणसांच्या चुकांसाठी नाही.

प्रश्न : ऑडिटर १८० दिवसांचे लॉग (कोण कधी कुठे गेलं त्याच्या नोंदी) मागतोय. रोजचा कॉन्फिग बॅकअप दाखवला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, कॉन्फिगच्या फाईलमध्ये लॉग नसतातच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यात मागचे १८० दिवस लॉग ठेवा, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा असं आहे. छोट्या फायरवॉलमध्ये डिस्कच नसते, रीबूट झाली की लॉग गेले. एक सिसलॉग सर्व्हर (लॉग गोळा करून ठेवणारा) लावा, जुना पीसी आणि मोठी डिस्क पुरते.

प्रश्न : कोथरूडला छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, जुन्या पीसीवर पीएफसेन्स चालवतो. बॅकअप नियमित घेतो पण चढतो की नाही हे कसं बघायचं? स्पेअर फायरवॉल घेण्याइतकं बजेट नाही.

उत्तर : स्पेअर लागतच नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) पीएफसेन्स टाका, तेच व्हर्जन, दोन नेटवर्क कार्ड द्या आणि दोन्ही ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका, इंटर्नल ठेवा, नाहीतर एकाच आयपीच्या दोन फायरवॉल आणि दोन डीएचसीपी सर्व्हर ऑफिसात उभे राहतील आणि चाचणीच्या नावाखाली सगळ्यांचं नेट घालवाल. फाईल चढवली की तो म्हणेल इंटरफेस जुळत नाहीत, कारण खऱ्या मशीनवर कार्डाचं नाव आयजीबी० आणि इथे ईएम०. मग तो वॅन (इंटरनेटची बाजू) कुठलं, लॅन (ऑफिसची बाजू) कुठलं विचारतो. नेमका हा प्रश्न खरी वेळ आली की नवीन हार्डवेअरवर येणार आहे, म्हणून आत्ताच कागदावर लिहून ठेवा, कुठल्या कार्डात कुठली केबल, आणि मशीनच्या मागच्या बाजूचा केबल लावलेल्या अवस्थेत मोबाइलवर फोटो. चढल्यावर रूल मोजा, ओपनव्हीपीएनची सर्टिफिकेटं आहेत का बघा, पॅकेजेस परत इन्स्टॉल व्हायला नेट लागतं, ते इथे होणार नाहीत, त्याची काळजी नको.

पीएफसेन्समध्ये ऑटोकॉन्फिगबॅकअप फुकट आहे, ते चालू करा. प्रत्येक बदलानंतर कॉन्फिग आधी तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट होते आणि मग पीएफसेन्सवाल्यांच्या सर्व्हरवर जाते, शेवटच्या १०० कॉपी राहतात. पण ती परत मिळवायला दोन गोष्टी लागतात, एन्क्रिप्शनचा पासवर्ड आणि डिव्हाइस की, आणि दोन्ही जर त्या जळालेल्या मशीनमध्येच असतील तर १०० काय आणि १००० काय. ऑटोकॉन्फिगबॅकअपच्या स्क्रीनवर डिव्हाइस की दिसते, ती आज कॉपी करून बाहेर ठेवा.

उद्या स्विच, राउटर धरून दहा-पंधरा डिव्हाइस झाले तर ऑक्सिडाइज्ड बघा, तेही फुकट आहे, सगळ्यांच्या कॉन्फिग ठरावीक वेळाने गोळा करून गिटमध्ये (फाईलच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवतं, मंगळवारी दुपारी कोणी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. फक्त त्याला डिव्हाइसवर केवळ वाचण्यापुरतं वेगळं अकाउंट द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नका, आणि ते गिट गिटहबवर पब्लिक ठेवू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.